गिअरच्या दांड्यातलं कुलूप

चाळीस वर्षं क्लचची गाडी चालवलेले माझे वडील पहिल्यांदा ऑटोमॅटिक गाडीत बसले आणि सुरुवातीलाच अडले. इंजिन चालू झालं, हात दांड्याकडे गेला, पण दांडा ‘पी’ म्हणजे ‘पार्क’वरून हलेना. दोनदा झटापट करून ते माझ्याकडे बघायला लागले. ‘‘बाबा, आधी ब्रेक दाबा.’’ पाय ब्रेकवर गेला, दांड्याच्या बुडाशी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि दांडा अलगद खाली आला.

त्या ‘टक्’ला शिफ्ट लॉक म्हणतात. त्याची कुळकथा दुःखाची आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकेत ऑडी ५००० या गाडीबद्दल एकाच तऱ्हेच्या तक्रारी येऊ लागल्या. गाडी उभी होती, दांडा ‘पी’तून काढला आणि ती सुसाट सुटली. चालक जीव तोडून सांगत की आपला पाय ब्रेकवरच होता. २३ नोव्हेंबर १९८६ला सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात एक आई बोलली. गॅरेजचं दार उघडायला उतरलेला तिचा लहानगा मुलगा तिच्याच गाडीखाली गेला होता. त्याच कार्यक्रमात अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल आपोआप खाली जाताना दाखवलं गेलं. त्यासाठी गिअरबॉक्सला भोक पाडून बाहेरून दाबाची हवा सोडली होती, हे मात्र प्रेक्षकांना सांगितलं नाही. मला या दृश्याची आजही चीड येते. मूल गमावलेल्या आईला खरं कारण कळायला हवं होतं, आणि तिच्यासमोर खोटा पुरावा ठेवला गेला.

जानेवारी १९८७मध्ये ऑडीने सुमारे अडीच लाख गाड्या परत बोलावल्या आणि त्यांत हे कुलूप बसवलं. मोठ्या संख्येने ते गाड्यांत शिरलं ते तेव्हापासून. रचना अगदी साधी. दांड्याच्या आड एक खिटी असते. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे ज्या स्विचने लागतात, त्याच स्विचचा इशारा एका छोट्या विद्युतचुंबकाला मिळतो, खिटी सरकते आणि वाट मोकळी होते. पाय खरोखर ब्रेकवर आहे याची खूण पटल्याशिवाय गाडी हलायलाच तयार नाही. कंपनीचं नाव मात्र सावरलं नाही. १९८५मध्ये अमेरिकेत ७४ हजारांवर गाड्या विकणाऱ्या ऑडीची विक्री १९९१मध्ये १२ हजारांच्या आसपास आली.

१९८९मध्ये अमेरिकी सरकारचा अहवाल आला. ज्या गाड्यांत बिघाडाची खूण सापडत नाही, तिथे सर्वांत संभाव्य कारण एकच: ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला. पण अहवालाने सगळं चालकावर ढकललं नाही. ऑडीचं इंजिन मोकळं चालताना कधीकधी अचानक चढायचं आणि माणूस दचकायचा. तिच्या पेडलांची मांडणीही अमेरिकी गाड्यांहून वेगळी होती. सवयीने पडणारा पाय चुकायला तेवढं पुरेसं होतं.

मग चालक खोटं बोलत होते का? मुळीच नाही. रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञाने त्याच वर्षी हे उलगडून दाखवलं. मेंदू हुकूम देतो ‘ब्रेक’. पाय दोन बोटं उजवीकडे पडतो. तो कुठे पडला याची खबर मनाला लागत नाही, कारण हुकूम तर बरोबरच दिलेला असतो. गाडी उसळते, ब्रेक लागत नाही असं वाटतं, म्हणून माणूस आणखी जोरात दाबतो. रिव्हर्स घेताना मान आणि कंबर मागे वळलेली असते, तेव्हा पाय तिरपा पडणं आणखी सोपं. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो आणि डावा पाय इंजिनाला चाकांपासून तोडतो. ऑटोमॅटिकमध्ये तो तारणहार पायच रिकामा असतो.

या कुलपाने सगळं सुटलं असंही नाही. ऑगस्ट २००९मध्ये सॅन डिएगोजवळ टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीत चौघांचा जीव गेला. तिथे दुसऱ्या मॉडेलचं जाड पायपुसणं पेडलात अडकलं होतं. धावत्या गाडीत शिफ्ट लॉकचा काही उपयोग नसतो. त्यानंतर टोयोटाने, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले गेले तर ब्रेकचं ऐकणारी यंत्रणा गाड्यांत बसवायला घेतली. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१०पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींना हे कुलूप सक्तीचं झालं. म्हाताऱ्या चालकांची संख्या मोठी असलेल्या जपानने त्यापुढचं पाऊल उचललं आहे: समोर अडथळा असताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला गेला तर तो न जुमानणारी यंत्रणा तिथे सप्टेंबर २०२८पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत सक्तीची होणार आहे.

हे सगळं मी बाबांना सांगितलं. शिवाय हेही, की पुष्कळ गाड्यांत दांड्याशेजारी एक छोटी खाच असते. ब्रेकच्या दिव्याचा फ्यूज उडाला की दांडा ‘पी’त अडकतो, तेव्हा किल्लीचं टोक तिथे खुपसून तो सोडवता येतो. ती खाच त्यांनी बोट फिरवून शोधून काढली. आता गाडी सुरू केली की ते आधी रेडिओ बंद करतात. तो ‘टक्’ ऐकू आल्याशिवाय त्यांचा हात दांडा ओढत नाही.