जिजाईच्या बाजूनं

तुकोबांची पालखी आमच्या डाळजवरून जात नाही. उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशा मुक्काम-विसाव्यांनी ती इंदापूरला येते. डाळज पडलं सोलापूर रस्त्याला, भिगवणच्या अंगाला. तरी आमच्याकडच्या म्हाताऱ्या इंदापूरला जाऊन दर्शन घेऊन यायच्या, आणि मग ओसरीवर कितीतरी दिवस तुकोबांच्याच गोष्टी चालायच्या. माझी आजी सांगायला बसली, की तिच्या गोष्टीत तुकोबा कमी बोलायचे आणि त्यांची दुसरी बायको जिजाई जास्त.

ग्रंथांतून आणि कीर्तनांतून जिजाई बहुतेक कजाग बाई म्हणूनच भेटते. तुकोबांना मिळालेले ऊस त्यांनी वाटेत पोरांना वाटले, उरलेला एक घरी आणला आणि तो तिनं त्यांच्याच पाठीत घातला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. ऐकणारे हसतात. आजी ती सांगताना हसत नसे. "घरात पोरं उपाशी असल्यावर तू काय केलं असतंस?" असं ती उलट आम्हालाच विचारायची.

त्या प्रश्नाच्या मागं मोठा इतिहास आहे. तुकोबांचं घर मुळात खाऊन-पिऊन सुखी होतं. देहूची महाजनकी, शेती, दुकान, सावकारी, सगळं होतं. आईवडील गेले. थोरली भावजय गेली आणि थोरले भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच 1630 च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. दिवाळं निघालं. पहिली बायको रखुमाई अन्नावाचून गेली, त्यांचा मुलगाही गेला. या आपत्तीचा हिशेब तुकोबांनी स्वतःच अभंगातून मांडला आहे. तिथून हा माणूस बदलला. भामनाथ, भंडाऱ्याचे डोंगर चढू लागला. वडिलोपार्जित कर्जखतांतली निम्मी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. गावाच्या दृष्टीनं कुळं मोकळी झाली. जिजाईच्या दृष्टीनं घरात येणारा शेवटचा पैसाही गेला. ती पुण्याच्या सावकाराची लेक, तिला खतांची किंमत कळत होती.

बाहेरच्यांना अशा बदलाचा निवाडा करायला वेळ लागत नाही. मंबाजी गोसाव्यानं त्यांना काटेरी फांदीनं झोडपलं. वाघोलीच्या रामेश्वरभटांनी शूद्रानं वेदार्थ सांगू नये म्हणून अभंगांच्या वह्या बुडवायला लावल्या, आणि पुढं तेच शिष्य झाले. तुकोबांची आरती आज गावोगाव म्हणतात, ती याच रामेश्वरभटांची. शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं, तर त्यांच्या ब्राह्मण नवऱ्याचा संताप झाला. कुणी वेडा म्हटलं, कुणी पाखंडी, कुणी संत. या सगळ्यांना आपलं मत बदलायची मोकळीक होती. जिजाईला ती नव्हती. तिला रोज चूल पेटवायची होती आणि डोंगरावर भाकरीही पोचवायची होती. ती बोलायची, तोंड सोडायची. पण नवरा जेवल्याशिवाय जेवत नव्हती, असं आजी आवर्जून सांगायची.

आजीला हे इतकं का लागायचं, ते मला पुढं कळलं. आमच्या भावकीतल्या एका चुलत आजोबांची जमीन उजनी धरणाच्या पाण्याखाली गेली. त्यानंतर त्यांनी माळ घातली. उधारीची वही फाडून टाकली, व्यवहारातून लक्ष काढलं, आणि पाय घरात ठरेनासे झाले. भावकी म्हणाली, डोक्यावर परिणाम झालाय. ते गेले तेव्हा दशक्रियेला कुठकुठल्या गावांतली माणसं आली. कुणाच्या पोरीच्या लग्नात ते राबले होते, कुणाची दारू त्यांनी सोडवली होती. घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चुलत आजी सगळं ऐकून घेत होती. रात्री ती माझ्या आजीला म्हणाली, "लोकांचं भलं केलं, हे खरंय. माझं मात्र ऱ्हायलं." कुणीही तिला गप्प बसवलं नाही. तिचं म्हणणंही तितकंच खरं होतं.

1650 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले. वारकऱ्यांसाठी ते सदेह वैकुंठगमन. काही अभ्यासकांनी घातपाताची शंका घेतली, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. जिजाईला वैकुंठाला चल म्हटलं, तर तिला घरची म्हैस आणि पोरं आठवली, ही गोष्टही हसण्यावारी सांगतात. मला तिच्यात जिजाईचा मोठेपणा दिसतो. कुणीतरी मागं राहायलाच हवं होतं. परंपरा सांगते की तेव्हा ती गरोदर होती.

आणि धाकटा भाऊ कान्होबा? तुकोबांच्या गाथेत त्याचे अभंग आहेत. भावाला वैकुंठ मिळालं म्हणून त्यांत आनंद नाही. तो थेट पांडुरंगाशी भांडतो, माझा भाऊ नेलास म्हणून त्याला दोष देतो, भाऊ परत मागतो. ज्या गाथेत तुकोबांची भक्ती आहे, त्याच गाथेत वारकऱ्यांनी हा घरचा आकांतही सांभाळून ठेवला. घरच्यांचा राग भक्तीला कमीपणा आणतो, असं त्यांना वाटलं नाही.

तेव्हा जिजाईच्या पोटात असलेला, बापाला कधी न पाहिलेला तो मुलगा म्हणजे नारायण महाराज. 1685 मध्ये त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. बापाला गावानं काय म्हटलं हे त्यांनी ऐकलंच असणार, आणि आईनं काय सोसलं हे तर ते पाहतच वाढले असतील. काटेवाडीत आज त्या पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीत आणि इंदापुरात गोल रिंगण रंगतं. लाखो माणसं 'तुकाराम' म्हणत चालतात. त्या गजरात जिजाईचं नाव घेतलं जात नाही. आमच्या म्हाताऱ्या ते घ्यायच्या. आमूलाग्र बदललेल्या माणसाला जग पुढं ओळखतं, त्याचं श्रेय त्या माणसाचं असतं. पण तोवर त्याचं घर उभं ठेवणाऱ्यांचं देणंही आपल्यावर असतं. त्यांचा राग ऐकून घेणं, हा ते देणं फेडण्याचा पहिला मार्ग आहे.