लोगोवर अडकलेला फोन

आजची गोष्टही इतिहासाचीच आहे, पण हा इतिहास किल्ल्यांचा नाही. तो तुमच्या-माझ्या खिशात आहे आणि जेमतेम चाळीस वर्षांचा आहे.

मी रायपूरच्या गुढियारीत राहतो. रेल्वे स्टेशनच्या पलीकडची ही वस्ती, ठोक बाजाराची. बंगाल नागपूर रेल्वे 1887 साली स्थापन झाली, आणि पुढे त्या रेल्वेच्या नोकरीमागं आमचं घर नागपूरकडून इकडं आलं. घरात मराठी, दुकानात हिंदी, बाजारात छत्तीसगढी अशी आमची रीत. आजीची भाषा मात्र शेवटपर्यंत नागपूरचीच राहिली. ती गेली त्याच्या आधीच्या वर्षी आत्यानं तिला बोलतं केलं आणि आपल्या फोनवर 43 तुकडे रेकॉर्ड केले. त्यांची दुसरी प्रत कुठंच नव्हती.

एका रात्री तो फोन बंद पडला. साठवणीची जागा काठोकाठ भरलेली, त्यात अपडेट चालू असतानाच बॅटरी संपली. सकाळी चार्जिंगला लावला तर कंपनीचा लोगो येई, जाई, पुन्हा येई. शेवटी पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, तिचा अर्थ असा: तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो. खाली दोनच पर्याय. पुन्हा प्रयत्न करा, किंवा सगळं पुसून नव्यानं सुरू करा.

आत्यानं फोन दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "रिसेट मार देते हैं दीदी, पाँच मिनट में चालू." आत्यानं मला फोन लावला, "काय करू रे?" मी म्हणालो, "आत्या, त्याला हात लावू देऊ नकोस. तशीच घरी ये."

दुकानदार खोटं बोलत नव्हता. फोन पाच मिनिटांत चालू झालाच असता. पण फोन चालू करणं आणि फोनमधलं वाचवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळी कशी झाली, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवात जपानपासून. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे अभियंते होते. त्यांनी 1984 साली फ्लॅश मेमरी जगापुढं मांडली, आणि 1987 साली तिचा नॅन्ड हा प्रकार. आज आपल्या फोनमध्ये आहे तो हाच. वीज गेली तरी यातलं लिहिलेलं टिकतं, कारण अक्षरं विद्युतभाराच्या रूपानं बारीक कप्प्यांत कोंडलेली असतात. पण एक अडचण आहे. यात लिहिता येतं पानापानानं, पुसता येतं मात्र पानांचा अख्खा गठ्ठा. शिवाय प्रत्येक गठ्ठा ठरावीक वेळाच पुसला जाऊ शकतो. म्हणून चिप आतल्या आत मजकूर सतत इकडून तिकडं हलवते आणि कुठलं पान कुठं ठेवलं याची यादी बाळगते. मजकूर हलवता हलवता वीज गेली, की यादी एक सांगते आणि कप्प्यात दुसरंच असतं. बिघाड होतो तो असा.

यावर उपाय शोधला गेला, आणि तो आमच्या ठोक बाजारातल्या कुठल्याही मुनीमाला कळेल असा आहे. व्यापारी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो, मग सवडीनं खतावणीत नेतो. मध्येच दिवा गेला तर कीर्द बघून खतावणी जुळवता येते. संगणकातही हेच झालं. लिनक्समध्ये 2001 साली अशी कीर्द ठेवणारी फाइल-व्यवस्था आली. तिची पुढची पिढी 2008 सालची, आणि 2010 च्या अखेरीस ती अँड्रॉइड फोनमध्ये पोचली. पण कीर्द जुळवते ती मुख्यतः हिशेबाची मांडणी. अर्धवट लिहिलेली फाइल ती पुरी करून देत नाही.

त्या काळी फोन मेला तरी एक वाट उरायची. कारागीर चिप उखडून दुसऱ्या यंत्रात बसवायचा आणि फोटो वाचून काढायचा. पण जे कारागिराला जमतं ते चोरालाही जमतं. म्हणून 2015 साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून पुरेशा ताकदीच्या नव्या फोनमध्ये डेटा कुलूपबंद ठेवणं सक्तीचं झालं, आणि 2019 च्या दहाव्या आवृत्तीपासून सगळ्याच नव्या फोनमध्ये. या कुलपाची किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते आणि मालकाच्या पिनवाचून फिरत नाही. आज चिप उखडून वाचली तर हाती येतो निव्वळ गोंधळ. रिसेट केलं की ती किल्लीच नष्ट होते. मग आजीचा आवाज चिपमध्ये कुठं उरला असला, तरी तो कुणालाच ऐकू येणार नाही. डेटा वाचवायचा तर आता तोच फोन, त्याच प्रोसेसरसकट जिवंत करावा लागतो.

आम्ही तेच केलं. आधी फोन पूर्ण चार्ज केला. सिम आणि कार्ड काढलं. बटणं दाबून धरली आणि रिकव्हरीच्या पडद्यावर गेलो. फोनचा हा छोटा भाग मुख्य प्रणालीपासून वेगळा ठेवलेला असतो, म्हणून घर पडलं तरी ओसरी उभी राहावी तसा तो चालतो. तिथली डेटा पुसणारी ओळ टाळली. बूटलोडरचं कुलूप उघडायच्या फंदात पडलो नाही, कारण ते उघडताना साधारणपणे सगळा डेटा पुसला जातो. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमकी त्याच मॉडेलची, त्याच आवृत्तीची मूळ प्रणाली उतरवली आणि संगणकाला तार जोडून ती वरून बसवली. अशानं प्रणालीचा भाग नवा होतो, डेटाचा भाग तसाच राहतो.

लोगो आला. बराच वेळ तसाच राहिला. मग पिन विचारणारा पडदा आला. आत्यानं चष्मा पुसला आणि पिन टाकला.

43 पैकी 41 तुकडे वाजले. दोन उघडले नाहीत. त्यातल्या एकात आजी पहिल्यांदा रायपूर स्टेशनवर उतरली तेव्हाची हकीकत होती. आत्याला ती आठवत होती, म्हणून तिनं ती सांगितली आणि मी लिहून घेतली. पण तो आजीचा आवाज नाही.

आता नव्या फोनमध्ये आणखी सोय आहे. 2016 पासून कित्येक फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवतात. नवी चालली नाही तर फोन जुनीवर परततो. म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच्या कामाची दुसरी प्रत ठेवली. तुमच्या माणसांच्या आवाजाची दुसरी प्रत कोण ठेवणार? ते काम आपलंच.

हा भाग संपला की एवढं करा. फोनमधलं जे गेलं तर रडू येईल, ते आधी दुसरीकडं उतरवून ठेवा. आमच्या 41 तुकड्यांच्या आता तीन प्रती आहेत, त्यातली एक नागपूरला.

भेटूया पुढच्या भागात.