मोहब्बतीच्या संख्या आणि 73727

‘मुस्लिम शास्त्रज्ञ’ अशा याद्या मोबाइलवर सारख्या फिरत असतात. माझ्याकडे आलेल्या एका यादीत साबित इब्न कुर्रा हे नाव होतं. साबित नवव्या शतकातला, हर्रानचा. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. बनू मूसा बंधूंनी त्याला बगदादला आणलं, 901 साली तो वारला. पण तो मुस्लिम नव्हता, साबिई होता. मातृभाषा सिरियाक, लिखाण अरबीत. बगदादचं मोठेपण सांगायचं तर हेच आधी सांगायला हवं, असं मला वाटतं.

त्याचं एक काम मला फार आवडतं. 220 ला भाग जाणाऱ्या, 220 सोडून बाकीच्या सर्व संख्यांची बेरीज 284 येते. 284 ची तशीच बेरीज 220. अरबीत अशा जोडीला ‘मुतहाब्बा’ म्हणतात. मोहब्बत, हबीब, महबूब ज्या धातूपासून आले, त्याच धातूचा हा शब्द. मराठीत मित्रसंख्या म्हणू.

ग्रीकांना ही एकच जोडी ठाऊक होती. साबितने नियम दिला आणि तो सिद्धही केला. 4 घ्या. त्याची तिप्पट 12, निम्म्याची तिप्पट 6, दोन्हींचा गुणाकार 72. प्रत्येकातून एक वजा करा: 11, 5, 71. तिन्ही मूळ संख्या असतील तरच पुढे जायचं. मग 4×5×11 म्हणजे 220 आणि 4×71 म्हणजे 284.

आता 8 घेऊन पाहा. 23 आणि 11 ठीक, पण तिसरी संख्या 287, म्हणजे 7×41. जोडी बिघडली! 16 ला मात्र 47, 23, 1151 मिळतात आणि 17296 व 18416 ही जोडी हाती येते. इराणच्या कमालुद्दीन फारिसीने ती चौदाव्या शतकाच्या सुमारास दिली होती. युरोपात ती 1636 साली फर्माच्या नावावर लागली.

32 आणि 64 दोन्ही फसतात, कारण दोन्हीकडे 95 आडवा येतो. 128 ला 383 आणि 191 सरळ मिळतात. खरी कसोटी तिसऱ्या संख्येची, 73727 ची. ती मूळ आहे हे ठरवायला 3 पासून 271 पर्यंतच्या सत्तावन्न मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. त्यापुढे गरज नाही, कारण 272 चा वर्गच 73984 होतो. एकानेही भाग गेला असता तर सगळी मेहनत वाया. एकानेही जात नाही.

यातून 9363584 आणि 9437056 ही जोडी निघाली. देकार्तने ती 1638 मध्ये कळवली. सफवी इराणात मुहम्मद बाकिर यझदीनेही ती काढली होती, पण पुस्तकांत बहुधा देकार्तच भेटतो. फर्मा आणि देकार्त यांनी चोरी केली, असं मात्र कुणी म्हणू नये. नियम त्यांनी स्वतंत्रपणे शोधला.

साबितच्या नियमाने चौथी जोडी मात्र संगणकालाही अजून सापडलेली नाही.