दरजा

दिवाळीच्या आधी आम्ही घरातलं न्हाणीघर नवं करून घेतलं. आमची इमारत खडकवासल्याला, तिसरा मजला. जुनी फरशी गुळगुळीत झाली होती आणि सासूबाई एकदा घसरता घसरता वाचल्या. त्यांचं वय ब्याऐंशी, म्हणून हा सारा खटाटोप. ठेकेदारानं अठरा दिवसांत काम उरकलं. होळी येईपर्यंत टाइल्सच्या मधल्या दरजांना केसासारखे तडे गेले. आधी भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात, मग नळाखाली. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "ताई, वरून व्हाइट सिमेंट फासा, जाईल." फासलं. पंधरा दिवसांत त्याचे पापुद्रे निघाले. वैशाखात खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा घेतला आणि हळूच सांगून गेल्या.

सासूबाईंनी मात्र त्या रात्री झोप घेतली नाही. "पाण्याला एकदा वाट सापडली की ते थांबत नाही गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण १२ जुलै १९६१ ला त्या नारायण पेठेत होत्या, अठरा वर्षांच्या. सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या भिंतीवरून वाहू लागला आणि दुपारी ती भिंतही गेली. पाणी ओसरल्यावर त्यांच्या वाड्याचे लाकडी खांब तेवढे उभे होते. मातीत बांधलेल्या भिंतींचा चिखल होऊन तो अंगणात पसरला होता. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत काढली.

जे धरण त्या दिवशी फुटलं, त्याच्याच शेजारी आता आम्ही राहतो. गॅलरीतून भिंत दिसते. न्हाणीघराच्या निमित्तानं मी प्रथमच तिच्याकडे दगड म्हणून न बघता दरजा म्हणून बघितलं. १८६९ मध्ये काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. ज्या इंग्रज लष्करी इंजिनिअरनं ते उभारलं त्या फाइफ यांच्या नावावरून जलाशयाला लेक फाइफ म्हणत. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ मध्येच घेतलं होतं, पण आपल्याकडे पोरबंदरचा कारखाना सुरू व्हायला १९१४ साल उजाडलं. त्यामुळे एवढी मोठी भिंत चुन्यात बांधली गेली.

चुन्याची घाणी आता पाहायला मिळत नाही. जमिनीत गोल चर, त्यात उभं दगडी चाक, आणि ते ओढत फिरणारा बैल नाहीतर रेडा. विरवलेला चुना आणि वाळू त्यात मळत राहायची, लोण्यासारखी होईपर्यंत. नुसता शुद्ध चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, त्यामुळे पाण्याखाली तो धरत नाही. त्याला मातीचा अंश लागतो. एडिस्टनचं दीपगृह बांधताना जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरला १७५०च्या दशकात हे उमगलं. आपल्या गवंड्यांना ते अनुभवानं ठाऊक होतं. कंकर भाजून काढलेला चुना घ्यायचा, नाहीतर चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळायची. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजहून शहरात पाणी आणलं ते अशाच चुनेगच्ची नळातून. शनिवारवाड्याचे हौद त्याच पाण्यावर भरत.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. खडकवासल्याची चुन्यातली भिंत ऐंशी वर्षं पाणी अडवून राहिली, पण डोक्यावरून पाणी गेल्यावर टिकली नाही. आणि पानशेत तर अगदी नवं होतं. त्याच्या पाणी सोडण्याच्या मोरीच्या कमानीत लोखंडी सळया हव्या होत्या, तिथे साधे काँक्रीटचे ठोकळे बसवले होते. मोरी खचली, तिच्यावरचा भराव खाली बसत गेला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. त्यांनी दिलेल्या त्या काही तासांमुळे, रात्रीऐवजी दिवसा पाणी आल्यामुळे, कितीतरी माणसं वाचली. सासूबाई त्यातल्याच एक.

१९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला, धरणाच्या भिंतीला तडे गेले. ते बुजवायला इपॉक्सी नावाचं राळेसारखं रसायन दाबानं आत भरलं. आज टाइल्सच्या दुकानात ग्राउट मागितलं की दुकानदार 'साधं देऊ की इपॉक्सी?' विचारतो ना, त्याच घराण्यातलं. धरणाच्या गळक्या दगडी भिंतीत भोकं पाडून सिमेंटचं पातळ पाणी भरतात, त्यालाही ग्राउटिंगच म्हणतात.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री मिळाले. त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि एकेक टाइल वाजवून पाहिली. निम्म्याहून अधिक पोकळ! आधीच्या माणसानं मागे सगळीकडे माल न लावता पाच-पाच गोळे चिकटवून मोकळा झाला होता. टाइल हलते, दरज फुटते. कोपऱ्याचं दुखणं वेगळं. भिंत एकीकडे सरकते, जमीन दुसरीकडे, आणि मधलं ताठर सिमेंट बिचारं तुटतं. तिथे रबरासारखं ताणणारं सिलिकॉन हवं. "आणि ताई, दरज पाणी थांबवत नाही," मिस्त्री म्हणाले. "पाणी थांबवतो तो खालचा थर. तो दिलाय कुठं?"

तो दिलाच नव्हता. म्हणजे वर कितीही फासलं असतं तरी वहिनींच्या छताचा डाग वाढतच गेला असता. खालच्या चार हात जागेतल्या टाइल्स पुन्हा उखडल्या. पैसे दुसऱ्यांदा गेले, वहिनींच्या छताच्या रंगाचेही आम्हीच दिले. मिस्त्रींनी विटांच्या तुकड्यांचा भराव पूर्ण वाळू दिला, मग थर चढवला, तो भिंतीवर वीतभर वळवून घेतला. टाइल्स बसवण्याआधी मोरीच्या तोंडात फडकं कोंबून जमिनीवर चार बोटं पाणी साठवून ठेवलं. दोन दिवस हात लावायचा नाही, म्हणाले.

सासूबाईंनी कडेला पेन्सिलीनं पाण्याच्या पातळीची रेघ मारली. रात्री किती वेळा उठून दिवा लावून पाहून आल्या, मी मोजलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खाली फोन केला. वहिनी स्टुलावर चढल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "कोरडं आहे आई." तरी सासूबाई म्हणाल्या, "अजून एक दिवस राहू दे."

मिस्त्रींनी एक दिवस थांबायचं कबूल केलं.