मऊसूत बटाट्यासाठी मिक्सर नको, पुरणयंत्र काढा

बेळगावच्या बाजारात बटाटा मागितला की दुकानदार उलट विचारतो, जवारी पाहिजे, इंदूर की आग्रा? गिऱ्हाईक बहुतेक वेळा दर बघून पिशवी भरतं. मग घरी तक्रार सुरू होते. कुस्करलेला बटाटा चिकट झाला, वडा फुटला, रश्शातल्या फोडी विरघळल्या. स्वयंपाक करणाऱ्याचा हात चुकला असं सगळे म्हणतात. खरं तर चूक बरेचदा बटाटा निवडण्यात आणि तो हाताळण्यात असते.

नाव एक नाही, जातही एक नाही

महाराष्ट्र आणि गोव्यात बटाटा, बडोद्यात बटाका, इंदूर-ग्वाल्हेरात आलू, हैदराबादेत आलुगड्डा, तर बेळगावात कन्नड शेजाऱ्याच्या घरी आलूगड्डे. बटाटा हे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आलं. मूळ कॅरिबियन बेटांवर तो शब्द रताळ्यासाठी होता.

स्वयंपाकाच्या दृष्टीनं बटाटे दोन तऱ्हेचे. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी. उकडल्यावर तो भुसभुशीत होतो. चिवट बटाट्यात पाणी जास्त. त्याच्या फोडी अखंड राहतात. नवा, अंगठ्यानं साल सुटणारा बटाटा साधारण दुसऱ्या तऱ्हेचा असतो. बेळगाव परिसरातला खरिपाचा बटाटा पावसाळा सरताना ताजा येतो, तेव्हा हा फरक हाताला लगेच कळतो.

ओळखायची सोपी रीत आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि बटाटा सोडायचा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर चिवट. पिठूळ बटाटा कुस्करण्यासाठी, वड्यासाठी, पराठ्यासाठी. चिवट बटाटा रस्सा आणि दमआलूसाठी.

लोणी-दुधाचा मऊ बटाटा

साहित्य : 1 किलो पिठूळ बटाटे, 100 ग्रॅम लोणी, 1 कप (सुमारे 200 मिली) दूध, मीठ, मिरपूड. चार-पाच माणसांना पुरतं.

1. बटाटे सोलून सारख्या आकाराच्या मोठ्या फोडी कराव्यात. त्या गार पाण्यात घालून, पाण्यातच मीठ टाकून मग गॅस पेटवावा. उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरून गळतात आणि आतून कच्च्या राहतात.
2. उकळी आल्यावर मध्यम आचेवर 15 ते 20 मिनिटं. सुरी विनासायास आत गेली पाहिजे.
3. पाणी निथळून फोडी त्याच भांड्यात मंद आचेवर दोन मिनिटं हलवाव्यात. अंगचं पाणी उडालं की लोणी-दूध नीट मुरतं.
4. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढाव्यात. पुरणपोळीसाठी माळ्यावर ठेवलेलं हे यंत्र या कामाला अगदी योग्य आहे. नसेल तर पावभाजीचा मॅशर चालतो.
5. आधी लोणी घालून ढवळावं, मग गरम दूध थोडं थोडं. दूध गार नको. एकजीव झालं की हात थांबवावा.

मिक्सर मात्र लावू नये. उकडलेल्या बटाट्याच्या पेशींत स्टार्च फुगलेला असतो. पात्यानं पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि भांड्यात कपड्याला लावायची खळ तयार होते. एकदा असं झालं की दूध वाढवून काही उपयोग होत नाही.

घरचं लोणी असेल तर मीठ चवीनं. विकतचं बटर बहुधा खारं असतं, तेव्हा हात आखडता ठेवावा.

आंबट नेहमी शेवटी

गोव्यात आमसूल, हैदराबादेत चिंच, बडोद्याकडे गुळाबरोबर लिंबू, देशावर टोमॅटो. प्रत्येक घराची आंबट चव वेगळी, पण नियम एकच. बटाटा शिजल्याशिवाय आंबट घालू नये. आंबटपणामुळे बटाटा मऊ व्हायला फार वेळ लागतो, कुकरच्या चार शिट्ट्या होऊनही फोड दडस राहते.

वडा, भाजी आणि चॉप

वड्यासाठी बटाटे सालीसकट उकडावेत, म्हणजे पाणी कमी शिरतं. कुस्करताना बारीक खडे राहू द्यावेत. सारण पूर्ण गार झाल्यावरच गोळे करून पिठात बुडवावेत. गरम सारणाची वाफ पीठ फोडते.

उपवासाच्या भाजीला उकडलेले बटाटे आधी गार करून मग चिरावेत. गार झाल्यावर स्टार्च घट्ट होतो, फोडी मोडत नाहीत.

उरलेला मऊ बटाटा फेकायचं कारण नाही. फ्रिजमध्ये घट्ट झाला की त्याची पारी करून आत खिमा भरावा, रव्यात घोळवून कमी तेलात तळावा. गोव्यातले चॉप असेच होतात. शाकाहारी घरात मटार-गाजराचं सारण चालतं.

कच्चा बटाटा फ्रिजमध्ये नको

कच्चा बटाटा फार थंडीत ठेवला की त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा गोडसर लागतो आणि तळताना आतून शिजायच्या आत करपट, काळपट होतो. वेफर्स किंवा काप करायचे असतील तर हे हमखास जाणवतं. बटाटे न धुता, हवेशीर, अंधाऱ्या जागी, कांद्यापासून दूर ठेवावेत.

हिरवा दिसला तर

उजेडात राहिलेल्या बटाट्याची साल हिरवी होते. हिरवा रंग स्वतः घातक नाही, पण त्याबरोबर सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यंही वाढलेली असू शकतात. त्यानं मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. उकडून किंवा तळून ती पुरेशी जात नाहीत. थोडा हिरवा भाग असेल तर तो आणि कोंब खोलवर कापून टाकावेत. बटाटा बराच हिरवा, सुरकुतलेला किंवा कडू असेल तर सरळ टाकून द्यावा. लहान मुलांच्या ताटात तर तो जाताच कामा नये.

घरातल्या दात नसलेल्या आजी-आजोबांना आणि नुकतं जेवायला लागलेल्या बाळाला हाच मऊ बटाटा सोयीचा पडतो. बाळाचा वाटा मीठ-मिरपूड न घालता वेगळा काढावा. मधुमेह असलेल्यांनी मात्र वाटी लहान ठेवावी आणि सोबत डाळ, पालेभाजी घ्यावी. कुस्करलेला बटाटा रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतो. पुढच्या वेळी बाजारात दुकानदारानं विचारलं, की दराआधी त्याला सांगावं, बटाटा कशासाठी पाहिजे ते.