मुकेशचे तोंड आणि नायकांची वेलची

हिंदी सिनेमाचे नट आपल्याला आरोग्य शिकवतात, त्याला आता तीन दशके होत आली. पोलिओचे दोन थेंब पाजा, संडास बांधा, सिगारेट सोडा, बायकोला सॅनिटरी पॅड आणून द्या. या शिकवणीचा उपयोग झालाच नाही असे आम्ही म्हणणार नाही. अमिताभ बच्चन यांनी पोलिओसाठी घरोघरी आवाज पोहोचवला, आशाताई आणि अंगणवाडी सेविकांनी उन्हातान्हात पायपीट केली. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. जे झाले ते झाले म्हणावे. पण त्याच बच्चनसाहेबांचा चेहरा २०२१ मध्ये कमला पसंदच्या जाहिरातीत दिसला, तेव्हा प्रश्न पडतो की आरोग्याचा हा उपदेश नेमका कोण कोणाला करतो आहे?

मित्रांनो, हा प्रश्न नटांच्या चारित्र्याचा नाही. तो इतिहासाचा आहे, आणि तो सिनेमाच्याही आधी सुरू होतो.

१८८० मध्ये महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या वर्षी जुलैमध्ये त्यांनी नगरपालिकेच्या प्लंकेट या अधिकाऱ्याला पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले आणि त्या दुकानांवर कर बसवावा असे सुचवले. जोतीरावांची नजर कुठे गेली ते पाहा. पिणाऱ्याला त्यांनी आधी धरले नाही, दुकानाला धरले. दारिद्र्यात बुडणाऱ्या कुटुंबाला प्रवचन देणे सोपे असते. दुकानदाराकडून आणि त्याला परवाना देणाऱ्या सरकारकडून जाब मागणे अवघड असते. सत्यशोधकांनी अवघड ते केले.

पुढे १९१९ मध्ये गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यातला दारुडा सुधाकर हा वकील आहे, बुद्धिमान आहे. त्याची शोकांतिका बघून पांढरपेशा प्रेक्षक रडला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण नंतरच्या शंभर वर्षांत व्यसनाच्या संदेशातला वकील हळूहळू नाहीसा झाला आणि त्याच्या जागी हमाल, रिक्षावाला, बिगारी आला. वरच्या माणसाचे व्यसन ही शोकांतिका आणि खालच्या माणसाचे व्यसन हा गुन्हा, अशी वाटणी झाली.

ही वाटणी १९३९ साली मुंबई इलाख्यात अगदी उघड दिसते. काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्टपासून मुंबईत दारूबंदी लागू केली. त्याच वर्षी आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ हा बोलपट आला. औषधासाठी ब्रँडी हवी म्हणून बाटली शोधत फिरणारा एक भोळा माणूस, दामूअण्णा मालवणकर, आणि त्याची फजिती. लोक पोट धरून हसले. आम्हालाही अत्र्यांबद्दल राग नाही, ‘महात्मा फुले’ चित्रपट काढणारा माणूस तो. पण पडद्यावर दारूबंदी म्हणजे गंमत होती, आणि गिरणगावातल्या चाळीत ती पोलिसांची धाड होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तर हे पक्के केले. ज्याच्या ओळखीचा डॉक्टर होता त्याला प्रकृतीच्या कारणावरून परमिट मिळू शकत होते. ज्याच्याकडे डॉक्टरच नव्हता त्याच्या वाट्याला हातभट्टी आणि कोठडी.

बाबासाहेबांनी यावर काय भूमिका घेतली हे आपल्या तरुणांपैकी किती जणांना माहीत आहे? स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दारूबंदीच्या धोरणावर टीका केली. दारूच्या उत्पन्नावर पाणी सोडायचे, ती तूट भरायला नवे कर लावायचे, आणि शिक्षण, आरोग्य यांना पैसा नाही म्हणायचे, हा कसला प्राधान्यक्रम, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. हे म्हणणारा माणूस स्वतः निर्व्यसनी होता. याच माणसाने १९५६ मध्ये नागपूरला लाखो लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातले पाचवे शील तर आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो.

काही जणांना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. शील हे माणसाने स्वतः, समजून उमजून घ्यायचे असते. राज्याचे धोरण हे दुसऱ्याच्या पैशाने आणि दुसऱ्याच्या पाठीवर राबवले जाते, म्हणून तिथे खर्च कोणाचा आणि दंडुका कोणावर हे विचारावेच लागते. बाबासाहेबांनी स्वतःच्या लोकांना कडक शिस्त लावली आणि सरकारला कडक हिशोब विचारला. आजचा सिनेमा नेमके उलटे करतो. स्वतःला सूट देतो आणि लोकांना शिस्त लावतो.

आंबेडकरी जलशांचीही आठवण इथे काढली पाहिजे. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरून दारू सोडा, मेलेले ढोर ओढू नका, पोरांना शाळेत घाला असे सांगत. सार्वजनिक आरोग्याचाच तो संदेश होता. फरक इतकाच की सांगणारा त्याच वाड्यात राहत होता. रात्री त्याने काय प्यायले हे सकाळी सगळ्यांना कळायचे.

आता आपल्या काळाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १९९१ ते २००२ मधल्या हिंदी चित्रपटांपैकी ७६.८ टक्के चित्रपटांत तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात दाखवली गेली होती. त्यानंतर आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी २००५ मध्ये पडद्यावर धूम्रपान दाखवण्यालाच बंदी घालण्याचा नियम काढला. चित्रपटसृष्टी खवळली. महेश भट्ट दिल्ली उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २००९ मध्ये न्यायालयाने तो नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. मग २०११-१२ मध्ये मधला मार्ग निघाला: दृश्य दाखवा, पण खाली इशारा लिहा, आणि सिनेमाच्या सुरुवातीला व मध्यंतरानंतर आरोग्याचा संदेश दाखवा.

त्या काळात उद्योगाचा युक्तिवाद काय होता? सिनेमा समाजाचा आरसा आहे, समाजात जे आहे ते आम्ही दाखवतो, नायकाने सिगारेट ओढली म्हणून कोणी ओढायला लागत नाही. ठीक आहे. क्षणभर हे मान्य करू. मग पान मसाल्याची कंपनी याच नायकाला कोट्यवधी रुपये कशासाठी देते? आरशाला कोणी मानधन देते काय? नायकाने हातात पुडी धरली की लाखो हात पुडीकडे जातात, या एकाच खात्रीवर तो पैसा मोजला जातो. म्हणजे न्यायालयात नायकाचा प्रभाव शून्य आणि करारपत्रावर प्रभाव कोटींचा. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. आमच्या मते दुटप्पीपणाची मुळी इथे आहे, बाकीच्या सगळ्या तिच्या फांद्या आहेत.

नव्या नियमांमुळे टॉकीजमध्ये मुकेश आला. भुसावळचा मुकेश. आपल्या खानदेशातला कष्टकरी घरातला पोरगा, गुटख्याने तोंडाचा कर्करोग झालेला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात त्याचे चित्रीकरण झाले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. नाकात नळी घातलेला तो चेहरा पुढे कित्येक वर्षे प्रत्येक सिनेमाआधी पडद्यावर येत राहिला. आणि प्रेक्षक काय करत होते? हसत होते. त्याच्या वाक्याची नक्कल करत होते, त्याच्यावर विनोद फिरत होते. त्यानंतर नायकाची एंट्री झाली की त्याच टॉकीजमध्ये शिट्ट्या.

हा दोष फक्त प्रेक्षकांचा नाही. संदेशाची मांडणीच तशी होती. इशारा द्यायला गरिबाचे सडलेले तोंड आणि आकर्षण निर्माण करायला नायकाचे सुंदर तोंड. एकाच पडद्यावरची ही श्रेणीबद्ध विषमता आहे. मुकेशनंतर मध्य प्रदेशातली सुनीता आली. तीही तोंडाच्या कर्करोगाची रुग्ण होती. २०१५ मध्ये पाकिटावरचे चित्ररूप इशारे मोठे करण्याचा निर्णय लांबणीवर पडला, त्या समितीचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारा भारतीय अभ्यासच नाही, असे ते म्हणाले होते. सुनीताने थेट पंतप्रधानांना पत्र लिहून खंत व्यक्त केली आणि १ एप्रिल २०१५ ला ती वारली. मोठा इशारा पाकिटावर यायला आणखी एक वर्ष गेले.

२०१८ पासून टॉकीजमध्ये अक्षयकुमार आणि नंदू आले. दवाखान्याबाहेर सिगारेट ओढणाऱ्या गरीब नंदूला सायकलवर आलेला नायक सुनावतो की या पैशात बायकोला पॅड घेऊन दे. चांगला संदेश आहे. पण त्यात चूक कोणाची? नंदूची. सिगारेट बनवणारा त्या जाहिरातीत कुठेच नाही. पॅडवर तोपर्यंत १२ टक्के जीएसटी घेणारे सरकारही नाही, तो कर जुलै २०१८ मध्ये लोकांच्या ओरडीनंतर गेला. जोतीराव दुकानाकडे बघत होते, ही जाहिरात नंदूच्या खिशाकडे बघते.

आणि मुळात सिगारेटच का? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यात ओढणारे ३.८ टक्के, आणि न ओढता खाणारे, मळणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. आमच्या जालन्यात हे कळायला सर्वेक्षणही लागत नाही. रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर उभा असलेला कामगार सिगारेट ओढत नाही, तो ओठाखाली तंबाखू दाबतो, कारण त्याने झोप आणि भूक दोन्ही मारता येतात. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारी बाई पहाटे मशेरी लावते. आम्ही वस्त्यांमध्ये बैठका घेतो तेव्हा माणसे सरळ सांगतात की आम्ही व्यसन करत नाही, फक्त तंबाखू खातो. पडद्याने त्यांना व्यसन म्हणजे सिगारेटचा धूर एवढेच शिकवले आहे!

एप्रिल २०२२ मध्ये तोच अक्षयकुमार विमल वेलचीच्या जाहिरातीत शाहरुख खान आणि अजय देवगण यांच्याबरोबर दिसला. लोक संतापले. त्याने माफी मागितली, करारातून बाहेर पडतो म्हणाला, मानधन चांगल्या कामाला देईन म्हणाला, आणि कराराची मुदत असेपर्यंत जाहिरात दिसू शकेल हेही सांगितले. बच्चनसाहेबांनी आदल्या वर्षी आपल्या वाढदिवशी कमला पसंद सोडली आणि पैसे परत केले. ही छुपी जाहिरात आहे हे माहीत नव्हते, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. त्याच्या काही दिवस आधी एका चाहत्याने विचारले होते, तेव्हा या कामाचे मलाही पैसे मिळतात, असे त्यांचे उत्तर होते. दोघांनी निदान माघार घेतली, हे नोंदवले पाहिजे. अजय देवगण म्हणाले की मी वेलचीची जाहिरात करतो, आणि एखादी वस्तू इतकी वाईट असेल तर ती विकलीच जाऊ नये.

या शेवटच्या मुद्द्याला उत्तर देणे भाग आहे, कारण आपल्यातलेही अनेक जण तो उचलतात. महाराष्ट्रात ती विकायला बंदीच आहे. जुलै २०१२ पासून गुटखा आणि पान मसाला या दोन्हींवर राज्यात बंदी आहे. ज्या नावाचा पान मसाला इथे विकता येत नाही, त्याच नावाची, तशाच रंगाची जाहिरात टीव्हीवर आणि क्रिकेटच्या सामन्यात घरात शिरते. वेलचीची पुडी टपरीवर मागून पाहा, टपरीवाला तुमच्याकडे बघत राहील. दुसरी पुडी मागा, मग समजते जाहिरात कशाची होती.

संडासाचे तेच. २०१७ मध्ये ‘टॉयलेट : एक प्रेमकथा’ आला, गाजला. संडास बांधला, टाकी भरली, आता त्या टाकीत उतरणार कोण? हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली, कारण माणसे मरायची थांबली नव्हती. गटारात मेलेल्या कामगाराभोवती फिरणारा मराठी चित्रपट आहे, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. त्यात शाहीर झाले होते आपले वीरा साथीदार. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण स्वच्छतेच्या प्रचारासाठी तो वस्तीवस्तीत दाखवावा असे कोणत्या मंत्रालयाला सुचले?

करण्यासारखे बरेच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी छुप्या जाहिरातींना मनाई केली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रार मराठीतून करता येते. पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली की तारीख, वेळ आणि वाहिनी लिहून ठेवा आणि तक्रार करा, नुसते स्टेटस टाकू नका. आम्ही इथे जालन्यात अन्न व औषध प्रशासनाकडे माहितीचा अर्ज तयार केला आहे: गेल्या पाच वर्षांत गुटखाबंदीखाली किती टपरीवाल्यांवर गुन्हे नोंदले आणि किती उत्पादकांवर. ज्यांना आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज टाकायचा असेल त्यांनी नमुना मागून घ्यावा.

जय भीम.