ड्रिलमधल्या कार्बनची गोष्ट

आजची गोष्ट बोटाच्या पेराएवढ्या वस्तूची आहे. ड्रिल मशीनमधला कार्बन. महाराष्ट्रात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बंद पडलेलं मशीन नेलं, की कारागीर आधी विचारतो, "कार्बन बघितला का?" तुमच्या इथल्या गॅरेजमधल्या वायरवाल्या ड्रिललाही हाच प्रश्न लागू पडतो.

1910 साली बाल्टिमोरमध्ये डंकन ब्लॅक आणि अलॉन्झो डेकर यांनी छोटं मशीन शॉप काढलं. भांडवल बाराशे डॉलर. आपला वाटा उभा करायला ब्लॅकने मोटारगाडी विकली. विजेचं हातड्रिल जर्मनीच्या फाइन कंपनीने 1895 सालीच बनवलं होतं, पण ते पेलायला दोन्ही हात लागत. या जोडीने ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका दिला. 1917 साली त्याचं पेटंट मिळालं. आत युनिव्हर्सल मोटार होती, एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारी. तेव्हा अमेरिकेत दोन्ही प्रकारची वीज होती, म्हणून ही मोठीच सोय झाली.

या मोटारीत गरगर फिरणाऱ्या आर्मेचरला वीज पोचवतात कार्बनचे दोन तुकडे. स्प्रिंग त्यांना तांब्याच्या कम्युटेटरवर दाबून धरते. महागाचं तांबं वाचावं म्हणून स्वस्त कार्बन झिजतो. तो झिजणार हे बनवणाऱ्याला ठाऊकच होतं. म्हणून तर कित्येक ड्रिलना बाहेरूनच उघडणारी दोन झाकणं असतात.

1946 साली ब्लॅक अँड डेकरने घरगुती ड्रिल बाजारात आणलं आणि देखभाल घरमालकाच्या हाती आली. ती आजही तशीच करतात. आधी प्लग काढा. झाकणं उघडून कार्बन पाहा. खुणेपर्यंत झिजला असेल, तर दोन्ही एकदम बदला. नवे बसवल्यावर काही मिनिटं मशीन नुसतंच फिरवा, म्हणजे ते कम्युटेटरवर नीट बसतात. हवेच्या फटींतली धूळ काढा. तरीही कम्युटेटरभोवती ठिणग्यांचं कडं दिसलं, तर बिघाड आर्मेचरमध्ये असू शकतो. मग कारागीर गाठा.

1961 साली बॅटरीवरचं ड्रिल आलं. पुढे ब्रशलेस मोटारी आल्या. त्यांत कार्बनच नाही, वीजही वाचते. पण आत इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं आणि बॅटरी ज्या त्या कंपनीची वेगळी. मोटार ठणठणीत असते, तरी बॅटरी मिळत नाही म्हणून मशीन कचऱ्यात जातं. आयटीतल्या आम्हा मंडळींना हे ओळखीचं आहे: एकदा एका कंपनीच्या घरात शिरलं, की बाहेर पडणं महाग.

2021 साली फेडरल ट्रेड कमिशनने काँग्रेसला अहवाल दिला. दुरुस्तीवर बंधनं घालण्यासाठी कंपन्या जी कारणं देतात, त्यांना फारसा पुरावा नाही, असं त्यात म्हटलं आहे. दुसरीकडे कॅलिफोर्नियात बर्कलीचं सार्वजनिक ग्रंथालय 1979 पासून पुस्तकांसारखी अवजारंही घरी देतं. एकच ड्रिल अनेक घरांत फिरतं. ते चालू राहावं, तर ते उघडता आणि दुरुस्त करता आलं पाहिजे.

तेव्हा पुढचं ड्रिल घेताना किमतीबरोबर एवढंही विचारा: सुटे भाग मिळतात का? आणि हे उघडतं कुठून?